पाच हातांची कविता

(२००७ सालातला एक शुक्रवार, संध्याकाळचे पाच. सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटचा दिवाणखाना. बँकेतून निवृत्त झालेले दिगंबरकाका इंटरनेटवर ‘शब्दांगण’ नावाची हौशी कवींची कम्युनिटी चालवतात. त्यांच्यासमोर मैत्री ओव्हाळ, वय सव्वीस, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करणारी, आज अर्धी रजा टाकून आलेली. शेजारी तिची आई चंपाबाई, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. कोपऱ्यात स्मरणिकेचे गठ्ठे, सुतळीसकट. आईला इथे आणायचं मैत्रीच्या अजिबात मनात नव्हतं, पण आई काही ऐकणाऱ्यातली नाही.)

मैत्री : अख्खी स्मरणिका परत घ्या असं मी म्हणतच नाहीये, काका. एक पान. सत्तावीस नंबर. तेवढं काढा.

दिगंबर : पान काढा म्हणजे? मेथीची जुडी आहे का ही, निवडून बाजूला टाकायला? सत्तावीसच्या पाठीवर अठ्ठावीस आहे. त्यावर उत्कर्षाची गझल. तिने काय घोडं मारलंय?

मैत्री : उत्कर्षाशी मी बोलते.

दिगंबर : बोला. परवा प्रकाशन आहे, आज आपण बोलायला सुरुवात करतोय. चंपाताई, आपण चहा घेणार ना?

चंपा : नको. पिऊनच निघालो आमी.

दिगंबर : मला खरंच उमगत नाही. वर्षभर ही मुलगी माझ्या मागे. काका, स्मरणिकेत येईल ना माझी? काका, पान मधलं मिळेल ना? आणि आता आली, तर काढा.

मैत्री : तेव्हा आईने वाचली नव्हती.

दिगंबर : आणि आता वाचली.

चंपा : वाचली. सातवी झालीये माझी, साहेब. मंगळवारी कुरिअर आलं, तवा ही हापिसात. पाकीट फोडलं. म्हटलं लेकीचं नाव छापून आलंय, एकटीनं काय वाचायचं? शेजारच्या प्रेमलाबाईला बोलवून आणली, चष्मा लावला आन् मोठ्यानं वाचाया लागले. निम्म्यात आवाजच बसला.

दिगंबर : भरून आलं असणार.

चंपा : भरून न्हाई आलं. प्रेमलाबाई म्हणाली, चंपे, तुजा नवरा प्यायचा व्हय गं? बावीस वर्सं भिंतीला भिंत हाय आमची. तिला वाटतंय आमी लपवून ठिवलं.

दिगंबर : हं.

चंपा : आन् बुधवारी तुमचा फोन. म्हणालात, ताई, तुमी जे सोसलं त्याला आमचा नमस्कार, रविवारी तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचाय. मी हिला इचारलं, मी काय सोसलं गं? ही बोलंना. म्हणून आले. म्हटलं ज्यांना ठाऊक हाय त्यांनाच इचारावं.

दिगंबर : म्हणजे... मैत्री, हे काय आहे? तुझे वडील पीत नव्हते?

मैत्री : नाही.

दिगंबर : कधीच?

चंपा : चहासुद्धा दोनदाच. सकाळी फॅक्टरीत जाताना आन् आल्यावर. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्सं. तिथं पिऊन गेलेला मानूस गेटाच्या आत तरी घेत्याल का, तुमीच सांगा. विहाराच्या कमिटीत व्हते. वस्तीतल्या चार जणांची दारू त्यांनी सोडवली. त्यातल्या एकाची बायको अजून मला सख्ख्या बहिणीगत मानते.

दिगंबर : चंपाताई, मला हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. आणि एक सांगतो, कवितेतला माणूस म्हणजे घरातला माणूस नव्हे. हे आम्ही नवीन सभासदांना पहिल्याच दिवशी सांगतो.

मैत्री : मग खाली टीप कशाला टाकलीत? ‘कवयित्रीच्या स्वानुभवातून उतरलेली दाहक कविता’. ती कोणी लिहिली?

दिगंबर : मी लिहिली.

मैत्री : मला विचारून?

दिगंबर : तुला पाठवली होती. मेल काढून दाखवू? तुझं उत्तर आहे, ‘काका, अंगावर काटा आला, थँक्यू’.

चंपा : असं लिवलंस?

मैत्री : आई, तू थांब ना जरा. काका, तुम्ही आईला पाच हात म्हणजे काय ते सांगा. माझ्यावर एकटीवर नका ढकलू.

दिगंबर : सांगतो की. त्यात लपवण्यासारखं काही नाही. चंपाताई, आमच्याकडे सात वर्षं एक पद्धत आहे. कम्युनिटीवर कविता कोणीही टाकावी, पण स्मरणिकेत यायची असेल तर ती पाच हातांखालून जाते. पाच सभासद, प्रत्येकाने एकच बदल सुचवायचा, आणि कवीने तो करून पाहायचा. वाद घालायचा नाही, रुसायचं नाही. हौशी माणसाला कोण वाचतं हो? संपादक परतसुद्धा पाठवत नाहीत. निदान आम्ही एकमेकांचं लक्ष देऊन वाचतो. मी स्वतः कित्येकांच्या कविता टाइप करून दिल्या आहेत, संगणकावर मराठी उमटत नव्हतं तेव्हा.

चंपा : चांगलं हाय की.

दिगंबर : आम्हालाही तसंच वाटत आलं आहे.

चंपा : मंग हिची पहिली कशी व्हती? हातात पडायच्या आदी?

मैत्री : जाऊ दे ना, आई.

चंपा : सांग. मी कुठं बघितलीय?

मैत्री : डब्यावर होती. बाबा फॅक्टरीतून डबा धुऊन आणायचे, त्याच्यावर. तिथल्या नळावर धुवायचे, रुमालाने पुसायचे आणि घरी आल्यावर ओट्यावर पालथा घालायचे. बस. बारा ओळी. शेवटी बाबा दाढी करून विहारात जातात.

चंपा : हे लिवलं व्हतंस?

मैत्री : हो.

चंपा : एकदा मी म्हटलं व्हतं त्यांना, बायका हसत्यात, कशाला धुता, घरी पाणी न्हाई का? तर म्हणाले, बसून खाल्लं मी, खरकटं तू का काढायचं? तू आत झोपलीवती तवा. तुला कसं ठाऊक?

मैत्री : झोपले नव्हते.

दिगंबर : चांगली होती ती. मीच लिहिलं होतं, ‘प्रांजळ’. पण खरं सांगायचं तर, घरगुती होती. तीन प्रतिसाद आले. त्यातला एक माझाच.

मैत्री : आणि मग पहिला हात. बंगळूरचा तो. त्याने लिहिलं, विहाराचा उल्लेख आहे म्हणजे कवयित्रीची पार्श्वभूमी कळते, मग त्या जगण्यातली भूक कुठे आहे? हा डबा फार भरलेला वाटतो.

चंपा : भरलेला असायचाच. मीच भरायचे.

मैत्री : हो ना. पण मी बदललं. डबा रिकामा केला. दुसरा हात उत्कर्षा. ती म्हणाली, रिकामा का ते येऊ दे, कारणाशिवाय वेदना लटकी वाटते. तिसरा हात काकांचा.

दिगंबर : सांग ना. मी कुठे नाही म्हणतोय?

मैत्री : काका म्हणाले, दारू. एका शब्दात सगळी कविता उभी राहील.

दिगंबर : म्हणालो. आणि तुझं उत्तर मला पाठ आहे. ‘काका, किती बरोबर पकडलंत, मला हेच म्हणायचं होतं.’ हेच म्हणायचं होतं, हे तुझे शब्द. आता मला सांग, समोरची मुलगी जर म्हणतेय मला हेच म्हणायचं होतं, तर मी काय तिच्या घरी जाऊन कपाटात बाटली शोधायची होती?

मैत्री : एखाद्या जोशीबाईने वडिलांच्या डब्यावर लिहिलं असतं, तर तुम्ही तिला म्हणाला असता दारू घाल म्हणून?

दिगंबर : आता मध्येच जोशीबाई कुठून आली?

मैत्री : नसता म्हणालात. म्हणाला असता, किती हळवं नातं. मागच्या वर्षी उत्कर्षाने वडिलांच्या चष्म्यावर लिहिलं, तेव्हा पाचही हातांनी स्वल्पविराम सोडून काही बदललं नाही. मी होते तिथे, वाचलंय मी.

दिगंबर : हे तू तेव्हा लिहायचं होतंस. तिथे, सगळ्यांसमोर. मी काढून टाकलं नसतं. कदाचित रागावलो असतो, पण काढलं नसतं.

मैत्री : कसं लिहिणार? वाद घालायचा नाही, रुसायचं नाही.

दिगंबर : ते खरं आहे. तेवढं खरं आहे.

चंपा : आन् नाव? वर मोठ्या अक्षरात ‘कचरू’ म्हणून त्यांचं नाव हाय, ते कुनी घातलं?

दिगंबर : चौथ्या हाताने. अमेरिकेत असतात त्या बाई. म्हणाल्या, वडिलांचं नाव खरंच कचरू? मग शीर्षक शोधायला लांब कशाला जायचं, समाजाने माणसाची काय किंमत केली ते नावातच आलं.

चंपा : समाजानं न्हाई ठिवलं ते. माझ्या सासूनं ठिवलं. आदीची दोन पोरं पाळण्यातच गेली. हे झाले तवा सासूनं उकिरड्यावर ठिवले आन् लगोलग उचलून आनले. मंग नाव कचरू, म्हंजी कुनाची नजर पडू नये, पोर जगावं. छपन्न साली दीक्षा घेतली तवा हे सहा वर्सांचे. फॅक्टरीत लागले तवा साहेबांनी इचारलं, ओव्हाळ, नाव बदलून घेता का? हे म्हणाले, आईनं जगवायला ठिवलंय, असू दे. सहीबी पुरी करायचे. नुसतं ‘क’ कधी न्हाई.

दिगंबर : हे मला माहीत नव्हतं.

मैत्री : मलापण नव्हतं. आई, तू मला कधी सांगितलं नाहीस.

चंपा : तू कधी इचारलं न्हाईस. तिकडच्या बाईनं इचारलं तवा तरी मला इचारायचं.

दिगंबर : चंपाताई, मी आपली माफी मागतो. हे मी सभ्यपणा म्हणून बोलत नाही. दारू माझी आहे, टीप माझी आहे. मान्य.

चंपा : आन् मारायचं कुनाचं?

दिगंबर : काय?

चंपा : शेवटाला हाय ना. ‘भोंगा वाजायचा फॅक्टरीत, वळ उठायचे आईच्या पाठीवर.’ तुमी दारू दिली, त्या बंगळूरवाल्यानं भूक दिली, तिकडच्या बाईनं नाव घेतलं. मला मारायला कुनी लावलं? पाचवा हात कुनाचा?

दिगंबर : पाचव्या हाताने फक्त विहाराची ओळ आणि दाढीची ओळ काढायला सांगितली. दारुड्याच्या अंगावर शोभत नाही म्हणून.

चंपा : मंग?

दिगंबर : मैत्री, तू सांगतेस का?

मैत्री : आई...

चंपा : कुनी लिवलं?

मैत्री : मी. ते कोणी नव्हतं सुचवलं. मीच घातलं.

चंपा : का?

मैत्री : माहीत नाही. नाही, माहीत आहे. दारूवाल्या व्हर्जनला एक्केचाळीस प्रतिसाद आले, आई. ऑफिसमध्ये मी दर पाच मिनिटांनी उघडून बघत होते. आयुष्यात मला एवढं चांगलं कोणी म्हटलं नव्हतं. शाळेत नाही, कॉलेजात नाही. टीममध्ये तर मी फक्त दुसऱ्यांच्या चुका काढते, मला कोण चांगलं म्हणणार? आणि मग दोन दिवसांनी प्रतिसाद थांबले. मला वाटलं अजून एक ओळ घातली तर परत येतील.

चंपा : आले?

मैत्री : शहाण्णव.

चंपा : शहाण्णव मानसांनी मला मार खाताना बघितलं.

मैत्री : तसं नको ना बोलूस.

चंपा : कसं बोलू? तूच सांग, तू लिवतीस. तुझा बाप माझ्यावर अख्ख्या जन्मात एकदा आवाज चढवून बोलला. तू गॅलरीतून वाकली व्हतीस आन् माझं ध्यान नव्हतं. त्यावर स्वताच दोन दिस जेवले न्हाईत. आन् तू सत्तावीस नंबरच्या पानावर त्यांचा हात माझ्यावर उचललास. ते असते तर त्यांना हे वाचून दाखवलं असतंस का?

मैत्री : नाही.

चंपा : मेला मानूस खोटं हाय म्हणून सांगाया येत न्हाई, म्हणून?

दिगंबर : चंपाताई, पाणी तरी घ्या.

चंपा : द्या. पानी द्या.

दिगंबर : घ्या. आता माझं ऐका दोघी. बाइंडर ओळखीचा आहे, शनिपाराशीच दुकान आहे त्याचं. तीनशे प्रती आहेत. सत्तावीस-अठ्ठावीसचं पान मुळाशी कापून द्यायला त्याला उद्याचा दिवस लागेल. उत्कर्षाला मी समजावतो. तिची गझल सुटी छापून आत घालू. ती चिडेल, चिडू दे. इतक्या वर्षांत मी छापलेलं कधी काढलं नाही, पण हे काढतो. रविवारी कोणी विचारलं तर सांगेन, संपादकाची चूक.

मैत्री : खरंच काका?

दिगंबर : खरंच. आणि खालची टीप, दारू, सगळ्याचं काय ते कम्युनिटीवरही लिहीन. शिव्या बसतील. माझ्या स्वतःच्या कवितांवर दोन प्रतिसाद येतात, त्यातला एक भाचीचा. निदान शिव्या तरी भरपूर येतील.

मैत्री : थँक्यू. आई, ऐकलंस ना? काढतायत काका.

चंपा : ऐकलं. बरं झालं.

दिगंबर : फक्त एक गोष्ट मला सांगावी लागेल. रविवारपर्यंत गुप्त ठेवायची होती, पण न सांगता पान कापलं तर उद्या तू म्हणशील काकांनी फसवलं.

मैत्री : काय?

दिगंबर : स्मरणिकेतल्या सगळ्या कविता स्पर्धेलाही होत्या, त्याचा परीक्षकांनी निकाल दिला आहे. तुझी कविता पहिली आली.

मैत्री : पहिली?

दिगंबर : एकमताने. प्रमुख पाहुण्यांनी त्यांच्या भाषणात तीच घेतली आहे. त्यांच्या मासिकाच्या दिवाळी अंकासाठी तुझ्याकडून चार कविता मागायच्या आहेत म्हणाले. पान काढलं की अर्थातच हे सगळं रद्द. पहिला नंबर मग दुसरीला जाईल.

मैत्री : दुसरी कोण?

दिगंबर : उत्कर्षा.

मैत्री : उत्कर्षा.

दिगंबर : हो. तर तू काढायला सांगितलंस की मी लगेच फोन करतो. बाइंडर साडेसहाला बंद करतो.

मैत्री : चार कविता म्हणाले?

दिगंबर : चार.

मैत्री : काका, समजा... म्हणजे फक्त विचारतेय. टीप काढली तर? स्वानुभवाची. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवता येईल ना? मग ती फक्त कविता राहील. कोणाचीही. तुम्हीच म्हणालात ना, कवितेतला माणूस म्हणजे घरातला माणूस नव्हे.

दिगंबर : म्हणालो होतो.

मैत्री : आणि मी रविवारी वाचण्याआधी स्टेजवरून सांगेन. हे माझे बाबा नाहीत म्हणून. आधी सांगेन, मग वाचेन. शपथ. आई, असं चालेल ना? सगळ्यांसमोर सांगणार आहे मी. प्रेमलाकाकूलापण घेऊन येऊ.

चंपा : मगाशी इथं यायच्या आदी रिक्षात तू रडत व्हतीस.

मैत्री : आताही वाईटच वाटतंय, आई. पण दिवाळी अंक म्हणजे काय ते तुला माहीत नाही. असं परत कोणी विचारणार नाही मला. पुढच्या चार मी बाबांच्या खऱ्या लिहीन ना. डब्याची देईन. आता ते छापतील, माझं नाव झाल्यावर छापतील.

दिगंबर : मैत्री, सहा वाजत आले. मी बाइंडरला फोन लावू की नको?

मैत्री : एक मिनिट, काका. आई, तू सांग. तू म्हणशील ते.

चंपा : मला नको इचारूस. मी म्हणेन काढ, तू काढशील आन् जन्मभर मला सुनावशील. तोंडानं न्हाई सुनावणार, पन मला कळंल. तुला काय पायजे ते तू सांग.

मैत्री : मी नाही सुनावणार, आई.

चंपा : सांग की. तुज्याच मनातलं इचारतीय.

मैत्री : पट्टी लावू या, काका.

दिगंबर : विचार केलास?

मैत्री : हो.

दिगंबर : बरं. तुझी कविता, तुझा निर्णय. पट्ट्या छापून घेतो. टीप झाकू. चंपाताई, आपल्याला आणखी काही...

चंपा : पट्टी चिकटवतायच तर वरचं नावबी झाका.

दिगंबर : शीर्षक?

चंपा : कचरू. तो मानूस त्या पानावर न्हाई, तर त्याचं नाव कशाला? तिथं दुसरं कायबी लिवा.

दिगंबर : लिहू. ‘बाप’ वगैरे काहीतरी करू.

चंपा : आन् खाली हिचं नाव हाय. मैत्री कचरू ओव्हाळ. त्यातलंबी मधलं झाका.

मैत्री : आई, ते माझं नाव आहे.

चंपा : त्यांचं हाय. तुला वापरायला दिलं व्हतं.

मैत्री : सत्काराला तरी येशील ना?

चंपा : मी काय सोसलंय, सत्कार घ्यायला? साहेब, तुमची शाल तुमच्यापाशीच राहू द्या. माझा राग न्हाई तुमच्यावर. तुमी परके मानूस, तुमाला जे दिसलं ते तुमी सांगितलं. हिला सगळं दिसलेलं.

दिगंबर : खाली सोडायला येतो. जिना अंधारा आहे.

चंपा : नको. बस डेक्कनवरनं मिळती मला. हिला बसू द्या, पट्टीचं ठरवा तुमी.

मैत्री : आई, थांब, मी येते. आई. रविवारी मला स्टेजवर पूर्ण नाव पुकारणार. मग मी मधलं नाव काय सांगू?

चंपा : इचार की तुझ्या मानसांना. सुचवतील.